कॉम्प्युटर हा कुणाचा पिंड?

अमेरिकेत अटलांटाला जॉर्जिया टेक नावाचे विद्यापीठ आहे. तिथे १९९९ पासून एक नियम लागू झाला: पदवी कुठलीही घ्या, कॉम्प्युटिंगचा एक अभ्यासक्रम पुरा केल्याशिवाय सुटका नाही. इंजिनिअरिंगच्या मुलांना त्याचे फारसे काही वाटले नाही. पण तिथे साहित्य-इतिहासाची, वास्तुकलेची, व्यवस्थापनाची मुलेही होती. त्यांनाही तोच वर्ग, तीच उदाहरणे आणि तीच परीक्षा. पहिल्या तीन-चार वर्षांत या मुलांपैकी निम्मीसुद्धा धड पार पडली नाहीत. काहींनी विषय मध्येच सोडला, काही नापास झाली.

असा निकाल लागला की कुठल्याही देशातल्या स्टाफरूममध्ये दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘आर्ट्‌सची मुलं ही, यांच्या डोक्यात कोडिंग शिरायचं नाही,’ हे पहिले. दुसरे जरा मवाळ: ‘ही मुलं वेगळ्या पद्धतीनं शिकतात, यांना चित्रांतून शिकवायला हवं.’ पहिले ऐकून राग येतो, दुसरे ऐकून बरे वाटते. पण दोन्हींच्या पोटात समजूत एकच आहे. शिकणारा आपला एक ठरलेला पिंड घेऊन वर्गात येतो, आणि शिक्षकाने तो ओळखून त्याप्रमाणे वागायचे. ही समजूत खरी आहे का, हे मानसशास्त्राने तपासावे. पण विद्यार्थ्याला जे रुचते तेच त्याचे स्वरूप मानायचे का, आणि त्याचा मान राखायचा म्हणजे त्याच्या आवडीपुढे मान तुकवायची का, हे प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारे नाहीत. ते तत्त्वज्ञानाचे आहेत, आणि आपल्याकडे तर फार जुने आहेत.

आधी मवाळ वाक्याची तपासणी. न्यूझीलंडमधले नील फ्लेमिंग आणि त्यांच्या सहकारी कॉलीन मिल्स यांनी १९९२ मध्ये ‘वार्क’ ही प्रश्नावली मांडली. कुणी पत्ता विचारला तर तुम्ही नकाशा काढाल, तोंडी सांगाल, लिहून द्याल की सोबत चालत जाल, अशा धर्तीचे प्रश्न. उत्तरांवरून माणूस पाहून शिकणारा, ऐकून शिकणारा, वाचून-लिहून शिकणारा की करून शिकणारा ते ठरते. त्याआधी १९८८ मध्ये रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक रिचर्ड फेल्डर आणि मानसशास्त्रज्ञ लिंडा सिल्व्हरमन यांनी इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी असाच एक आराखडा केला. त्यावरची प्रश्नावली ४४ प्रश्नांची आहे. कॉम्प्युटर शिकवणाऱ्यांना या प्रश्नावल्यांचा मोठा आधार वाटला. बिगर-तांत्रिक मुले का अडखळतात याचे उत्तर त्यांत सापडेल, अशी आशा होती. गंमत अशी की इंजिनिअरिंगची मुले फेल्डर यांची प्रश्नावली भरतात तेव्हा तीही मोठ्या संख्येने ‘पाहून शिकणारी’च निघतात. म्हणजे ज्या गुणामुळे आर्ट्‌सची मुले वेगळी मानायची, तो गुण पलीकडच्या बाकांवरही भरपूर आहे.

२००४ मध्ये ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफील्ड आणि सहकाऱ्यांनी अशा आराखड्यांची मोजदाद केली, तेव्हा ते ७१ भरले. एकाच मनाचे तुकडे पाडायच्या एकाहत्तर रीती! त्यानंतर चारच वर्षांनी हॅरल्ड पॅशलर यांच्यासह चार मानसशास्त्रज्ञांनी एक साधी अट घातली. ‘पाहणारी’ आणि ‘ऐकणारी’ अशी दोन्ही मुले घ्या. दोन्ही गटांतल्या अर्ध्यांना चित्रांनी शिकवा, अर्ध्यांना शब्दांनी, आणि शेवटी सगळ्यांची एकच परीक्षा घ्या. सिद्धांत खरा असेल तर पाहणाऱ्यांना चित्रांनी जास्त यायला हवे आणि ऐकणाऱ्यांना शब्दांनी. एकच पद्धत सगळ्यांना लाभली, तर ती चांगली पद्धत आहे एवढेच सिद्ध होते. या अटीला उतरणारा भरवशाचा पुरावा त्यांना जवळपास मिळालाच नाही. पुढे इंडियाना विद्यापीठात शरीररचनाशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर आणखी एक गोष्ट दिसली. बहुतेक मुले स्वतःच्या तथाकथित शैलीप्रमाणे अभ्यास करतच नव्हती. आणि जी करत होती, त्यांना जास्त गुण पडले नव्हते.

फ्लेमिंग यांच्याशी न्याय करायचा तर सांगायला हवे, की त्यांची प्रश्नावली माणसाची आवड मोजते, कुवत नव्हे, आणि तसे ते स्वतःही सांगत असत. गोंधळ पुढच्या लोकांनी केला. आवडीची कुवत झाली, कुवतीचा स्वभाव झाला, आणि मग ‘मी व्हिज्युअल लर्नर आहे’ हे वाक्य रक्तगट सांगावा तसे सांगितले जाऊ लागले.

फेल्डर यांनी नंतर जे केले ते या सगळ्या वादात सर्वांत प्रामाणिक वाटते. त्यांच्या मूळ आराखड्यात एक जोडी होती: उदाहरणांवरून नियमाकडे जाणारे आणि नियमावरून उदाहरणांकडे जाणारे. ही जोडी त्यांनी पुढे काढून टाकली. कारण मोकळेपणाने सांगितले. मुलांना ‘आधी नियम सांगा, मग उदाहरणं सोडवू’ ही रीत आवडते असे दिसले, तर प्राध्यापक त्याच आवडीचा हवाला देऊन जुनेच व्याख्यान चालू ठेवतील. फेल्डर यांच्या मते शिकण्याला खरी चालना उलट्या रीतीने मिळते. म्हणजे आवडीनिवडींचा आराखडा बनवणाऱ्यानेच एक आवड मुद्दाम मोजायची सोडली, कारण ती मोजली तर लोक तिला पाळू लागतील.

इथवर वाचून कुणी म्हणेल, चला, शैलीचा विषय संपला. पण तो इतक्या स्वस्तात संपत नाही. १९९० मध्ये एमआयटीतले शेरी टर्कल आणि सीमोर पेपर्ट यांनी एक लेख लिहिला, तो आजही वाचणाऱ्याला अस्वस्थ करतो. पेपर्ट हे मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा घडवणाऱ्यांपैकी एक, आणि टर्कल माणूस व यंत्र यांच्यातल्या नात्याच्या अभ्यासक. त्यांनी हार्वर्डच्या पहिल्या प्रोग्रामिंग कोर्समधल्या दोन मुलींची हकिकत सांगितली आहे. त्यांना लिसा आणि रॉबिन म्हटले आहे. लिसा कविता लिहिणारी. कवितेत एका शब्दापाशी थांबून, चाचपत, पुढचा शब्द शोधावा, तसाच तिला प्रोग्राम लिहायचा होता. कोर्स मात्र सांगत होता, की आधी सगळा आराखडा कागदावर उतरव, त्याचे भाग पाड, मग एकेक भाग लिही. रॉबिन पियानो वाजवणारी. दुसऱ्याने लिहिलेला तयार तुकडा आत डोकावल्याशिवाय उचलून वापरायचा, हे तिच्या पचनी पडत नव्हते. तिला तो उघडून, वाजवून, पुन्हा जुळवून पाहायचा होता. शिकवणाऱ्यांच्या लेखी हा हट्ट म्हणजे चुकीची सवय. दोघींनी शेवटी जमवून घेतले, पण आपण दुसऱ्याच कुणाचा तरी अंगरखा चढवला आहे ही भावना घेऊन.

टर्कल-पेपर्ट यांचे म्हणणे डोळा-कान-हात यांच्यापुरते नव्हते. विचार करण्याच्या रीती अनेक असू शकतात, आणि विद्यापीठ त्यांतल्या एकीलाच तर्कशुद्ध म्हणून गादीवर बसवते, हा त्यांचा आरोप होता. आरोपात तथ्य आहे. ‘वार्क’वर जी टीका लागू पडते ती या लेखाला लागू पडत नाही. पण हा लेखही शेवटच्या शब्दासारखा वापरता येत नाही. तीस ओळींचा प्रोग्राम चाचपत लिहिता येतो, आणि पुष्कळदा तसाच चांगला लिहिला जातो. तीन हजार ओळींना आराखडा लागतोच, आणि दुसऱ्याने लिहिलेल्या तुकड्यावर विश्वासही टाकावा लागतो. लिसाला तिच्या रीतीने आत येऊ देणे हा तिचा हक्क होता. दुसरी रीतही तिच्या हाती देणे हे विद्यापीठाचे कर्तव्य होते. पहिली गोष्ट नाकारून दुसरी लादली, तिथे चूक झाली.

आता आपल्या घराकडे. आपल्या शास्त्रग्रंथांत आरंभीच चार गोष्टी सांगायची पद्धत होती: हा ग्रंथ कुणासाठी, त्याचा विषय काय, ग्रंथाचा विषयाशी संबंध काय, आणि तो शिकून मिळणार काय. अधिकारी, विषय, संबंध, प्रयोजन. वेदान्ती याला अनुबंधचतुष्टय म्हणतात, आणि सदानंदांच्या ‘वेदान्तसार’मध्ये ते नीट मांडलेले आहे. अधिकारी कोण, याचे तिथले उत्तर वाचताना सुरुवातीला चांगले वाटते. विवेक, वैराग्य, मनावर ताबा, मुक्तीची ओढ. सगळे कमावता येणारे गुण. पण त्याच व्याख्येत विधिपूर्वक वेदाध्ययनाचीही अट आहे, आणि तिथून जन्म मागल्या दाराने आत येतो. शूद्रांना वेदविद्येचा अधिकार नाकारणाऱ्या, ब्रह्मसूत्रांतल्या अपशूद्राधिकरणात तर तो पुढच्या दाराने येतो. ‘ज्याचा त्याचा अधिकार’ हे वाक्य एका हाताने प्रत्येकाला त्याच्या पायरीवर शिकवू पाहते आणि दुसऱ्या हाताने पायऱ्या जन्मावर ठरवते. ज्ञानेश्वरांना हे स्वच्छ दिसले होते. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात वेद संपन्न असूनही कृपण ठरतो, कारण तो तीनच वर्णांच्या कानी लागतो. आणि ती उणीव भरून काढायला गीता येते, असे ते म्हणतात. त्यांनी ती गीता मराठीत आणली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये.

कॉम्प्युटरच्या जगातही एक अपशूद्राधिकरण लिहून झाले आहे. २००६ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठातले सईद देहनदी आणि रिचर्ड बोर्नाट यांचा एक लेख खूप फिरला. त्यांचे म्हणणे असे, की प्रोग्रामिंग शिकवण्याआधीच एक छोटी चाचणी घेतली तर कोण तरेल आणि कोण बुडेल ते सांगता येते. वर्गाचे दोन उंचवटे पडतात, उंटाच्या दोन मदारींसारखे. अनेक प्राध्यापकांना हे मनापासून पटले. निकाल वाईट लागला तर दोष आपला नाही, असे सांगणारे शास्त्र कुणाला नको असते? २०१४ मध्ये बोर्नाट यांनी हा दावा जाहीरपणे मागे घेतला. दोन वर्षांनी एलिझाबेथ पटिट्सस आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या कॉम्प्युटर सायन्सच्या ७७८ निकालांचे आलेख तपासले. एकाहून अधिक उंचवटे असल्याची लक्षणे जेमतेम ५.८ टक्के आलेखांत सापडली. मग त्यांनी शिक्षकांना काही संदिग्ध आलेख दाखवले. कॉम्प्युटरची बुद्धी उपजत असते असे मानणाऱ्यांना त्यांत दोन उंचवटे दिसण्याचे प्रमाण जास्त होते.

पिंडाची भाषा मवाळ असो की कठोर, ती चारांपैकी पहिल्याच अनुबंधाभोवती फिरते: अधिकारी कोण? उरलेल्या तिघांकडे कुणी पाहत नाही. जॉर्जिया टेकने पाहिले.

तिथले प्राध्यापक मार्क गझ्डायल यांनी २००३ च्या वसंत सत्रात बिगर-तांत्रिक मुलांसाठी वेगळा वर्ग सुरू केला. मीडिया कॉम्प्युटेशन हे त्याचे नाव. मुले सुमारे १२०, त्यांत दोन तृतीयांश मुली. भाषा पायथॉन. लूप होते (म्हणजे यंत्राकडून तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारी रचना), कंडिशन होत्या, फंक्शन होती. विषय पातळ केलेला नव्हता. बदलले होते प्रयोजन. आकड्यांच्या बेरजा करण्याऐवजी मुले आपले फोटो, आवाज, चित्रफिती हाताळत होती.

पहिल्या काही आठवड्यांतला एक धडा जवळून पाहण्यासारखा आहे. चित्र म्हणजे ठिपक्यांची चौकट. ६४० गुणिले ४८० च्या चित्रात ३,०७,२०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे: लाल, हिरवा, निळा, प्रत्येक ० ते २५५. निगेटिव्ह काढायची तर प्रत्येक आकडा २५५ मधून वजा करायचा. म्हणजे नऊ लाखांहून जास्त वजाबाक्या. नेहमीच्या वर्गात लूप शिकवताना एक ते दहाची बेरीज करायला सांगतात, आणि हुशार मूल मनातल्या मनात पंचावन्न म्हणून मोकळे होते. लूप कशाला हवा होता ते त्याला कळत नाही. नऊ लाख वजाबाक्यांपुढे तो प्रश्न कुणी विचारत नाही.

पुढची पायरी रंगीत फोटो कृष्णधवल करण्याची. तिन्ही आकड्यांची सरासरी काढायची आणि तिन्ही जागी तीच ठेवायची. समजा ठिपका आहे २००, १००, ६०. सरासरी १२०. नवशिकी मुलगी लिहिते: लालच्या जागी तिघांची सरासरी ठेव, मग हिरव्याच्या जागी तिघांची सरासरी ठेव, मग निळ्याच्या. दिसायला बरोबर. पण दुसऱ्या ओळीपर्यंत लाल बदलून १२० झालेला असतो, म्हणून हिरवा येतो ९३, आणि निळा ९१. फोटो करडा व्हायच्या ऐवजी तांबूस दिसतो. ती पडद्याकडे बघते, ओळी पुन्हा वाचते, वहीत आकडेमोड करते, शेजारणीशी वाद घालते, आणि तिला उमगते की यंत्र ओळींच्या क्रमाने चालते, आणि पुसलेले मूल्य परत येत नाही. सरासरी आधी काढून वेगळ्या नावाने जपून ठेवायला हवी. या दहा मिनिटांत तिने पाहिले, वाचले, लिहिले, ऐकले, करून बघितले. ‘वार्क’च्या कुठल्या खान्यात तिला बसवायचे?

पहिल्याच सत्रात दहापैकी जवळजवळ नऊ जण चांगल्या श्रेणीत पार पडले. पुढच्या वर्षांतही हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास टिकले. मात्र गझ्डायल यांनीच दहा वर्षांनी मागे वळून लिहिले, की या पद्धतीने मुले टिकतात याला पुरावा आहे. ती जास्त शिकतात याला तेवढा भक्कम पुरावा नाही. हे सांगायला धारिष्ट लागते. प्रयोजन बदलल्याने मूल वर्गात राहते. वर्गात राहिल्यावरचे शिकणे वेगळे कष्ट मागते, आणि ते कष्ट आवडतीलच असे नाही.

हार्वर्डमध्ये लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग नेमका इथे बोट ठेवतो. तो भौतिकशास्त्राच्या प्रारंभिक अभ्यासक्रमाच्या वर्गांत झाला. काही मुलांनी सराईत प्राध्यापकाचे ओघवते व्याख्यान ऐकले. काहींनी तेच धडे गटात प्रश्न सोडवत, अडत, चुकत शिकले. चाचणीत दुसऱ्यांना जास्त गुण पडले. पण ‘तुम्ही किती शिकलात?’ असे विचारल्यावर व्याख्यान ऐकलेल्यांना आपण जास्त शिकलो असे वाटत होते. समजल्याचे समाधान आणि समजणे या दोन गोष्टी इथे उलट्या दिशेने निघाल्या.

छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात हीच गोष्ट आहे, फक्त विद्यार्थी देवांचा राजा आणि असुरांचा राजा आहेत. इंद्र आणि विरोचन दोघेही आत्मा शिकायला प्रजापतीकडे येतात आणि बत्तीस वर्षे राहतात. प्रजापती दोघांना एकच पाठ देतो: पाण्याने भरलेल्या भांड्यात बघा. पुढे सांगतो, नटूनथटून पुन्हा बघा. दोघेही समाधानाने निघतात. विरोचन घरी पोचतो आणि देह हाच आत्मा म्हणून असुरांना शिकवूही लागतो. इंद्राला मात्र वाटेतच खुटखुट लागते: देह नटला की प्रतिबिंब नटते, मग देह आंधळा झाला तर तेही आंधळे, आणि देह गेला तर तेही गेले, यात मला काय लाभ? तो परत फिरतो. आणखी बत्तीस वर्षे, पुन्हा बत्तीस, शेवटी पाच. सगळी मिळून एकशे एक. प्रजापतीने कुणाची शैली विचारली नव्हती, आणि विरोचनाला बुद्धी कमी होती असेही उपनिषद म्हणत नाही. पहिल्या पाठाने त्याचे मन भरले, एवढेच. आज त्याच्या हाती प्रतिक्रियेचा फॉर्म दिला असता तर त्याने प्रजापतीला पाचपैकी पाच तारे दिले असते.

म्हणून आवड विचारावी, पण ती दार कुठून उघडायचे ते ठरवायला. आत गेल्यावर काय करायचे ते विषय ठरवतो. आणि ‘हा माझा पिंड नाही’ असे अठरा वर्षांची मुलगी म्हणते तेव्हा तिच्याऐवजी तिच्या आजवरच्या प्रगतिपुस्तकांचा आवाज आपण ऐकत असतो. महाराष्ट्रात तर दहावीनंतर आर्ट्‌स, कॉमर्स, सायन्स ही वाटणी होते, आणि पुढे आयुष्यभर माणसे ती वाटणी स्वभाव म्हणून सांगतात. त्याच माणसांतल्या कित्येकांनी सरकारी नोकरीसाठी एमएस-सीआयटी केले, दुकानाच्या हिशेबासाठी टॅली शिकली, आणि तेव्हा पिंड आड आला नाही, कारण प्रयोजन समोर होते.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता आपल्या विद्यापीठांतही बी.ए., बी.कॉम.ची मुले दुसऱ्या शाखेचे विषय ओपन इलेक्टिव्ह म्हणून घेतात, आणि त्यांत कॉम्प्युटरचे विषय आहेत. त्यांच्या पहिल्या प्रात्यक्षिकांत सम-विषम, मूळ संख्या आणि फॅक्टोरियल यांचीच परंपरा चालवायची का, हे ठरवणे अभ्यास मंडळांच्या हातात आहे. मराठीच्या विद्यार्थिनीला ओव्यांतले शब्द मोजू द्या, भूगोलाच्या मुलाला तालुकावार पावसाचे आकडे द्या, कॉमर्सवाल्याला बिलांची यादी द्या. लूप तोच राहील आणि परीक्षाही तितकीच कडक ठेवता येईल. पहिल्या तासाला ‘तुम्ही कसे शिकता?’ ही प्रश्नावली वाटण्याऐवजी ‘या यंत्राकडून तुम्हाला काय करून हवे आहे?’ एवढे विचारावे, आणि निदान पहिली चार प्रात्यक्षिके त्या उत्तरांवरून ठरवून पाहावीत.